पत्तीवाल्याचा पहिला गिलास

चंद्रपूरकडच्या आमच्या मूल गावात अजूनही काही लोक सांगतात, की बसस्टँडसमोरच्या चहावाल्या बाईने हावरेपणापायी चहात कपड्याचा हिरवा रंग कालवला आणि म्हणून तिचा ठेला बसला. हे खोटं आहे. तो रंग नव्हता, आणि ती कल्पना तिची नव्हती. पुडा माझा होता. गावात हे मी तोंडाने सांगून चुकलो आहे, पण तोंडी सांगितलेलं चौकापलीकडे जात नाही. बदनामी मात्र पार गडचिरोलीपर्यंत गेली. म्हणून लिहून ठेवतो.

माझा धंदा चहापत्तीचा. नागपूरहून माल आणायचा, दाणेदार पत्तीत बेताची भुकटी मिसळायची आणि ठेल्याठेल्यावर पोचवायची. या धंद्यात आमच्याकडे एक रीत होती. नवी पत्ती ठेल्यावर उतरली की तिचा पहिला गिलास पत्तीवाल्याने प्यायचा, गिऱ्हाइकांच्या देखत, उभ्याने. पिऊन गिलास उपडा ठेवला की पत्ती पास. नाही जमली तर एक शब्द न बोलता माल उचलून चालू लागायचं. ठेलेवाल्याला दुसरी खात्री लागत नसे.

ही बाई माझी जुनी गिऱ्हाईक. नवरा गेल्यावर तिने त्या ठेल्यावर दोन मुली शिकवल्या. दुधाच्या कॅनमागच्या फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्यापुढे रोज ताजं फूल. मी तिला बाई म्हणायचो, ती मला भाऊ.

माचा नावाच्या हिरव्या चहाचं नाव आधी चंद्रपूरच्या कॅफेतून ऐकू आलं. मग आमच्याच कॉलेजरोडवर एका मुलीने काचेच्या दाराचं दुकान थाटलं. संध्याकाळी बाईच्या बाकावर बसणारी पोरं तिकडे जाऊ लागली, हिरवे गिलास हातात धरून फोटो काढू लागली. जंगल सफारीला जाणारे पाहुणे गाडीतून उतरले की तेच विचारायचे. फक्त हिचंच नाही, सगळ्याच ठेल्यांचं संध्याकाळचं गिऱ्हाईक पातळ झालं होतं.

"भाऊ, हे लोक हिरवी चाय मांगून राह्यले," बाई एकदा म्हणाली. "काय रायते जी ते?"

"चायच आहे. पानांची भुकटी, जपानकडची."

"मंग तुमच्याकडे काऊन नाई? एवढे मोठे पत्तीवाले तुमी!"

ती हसत म्हणाली, पण मला ते लागलं. त्याच सुमारास नागपूरची नात आली होती. तिच्या बॅगेत माचाचा पुडा होता, तो मी मागून घेतला. "आबा, याला उकळायचं नाही बरं," ती म्हणाली. "पाणी नुसतं गरम पाहिजे, आणि बांबूच्या रवीने घुसळायचं." मी हसलो. बांबूच्या जिल्ह्यात राहून बांबूने चहा घुसळल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे न उकळलेला चहा पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे त्याला दारातूनच वाटेला लावणं. जन्मभर मी चहा उकळीवरून ओळखला. पोरीचं काय ऐकायचं?

दुसऱ्या दिवशी पुडा घेऊन ठेल्यावर गेलो. सफारीचे काही पाहुणे बाकावर बसलेलेच होते.

"बनवाची कशी?" बाईने विचारलं.

"आपल्यासारखीच. दूध, साखर, अद्रक. चांगली उकळू द्या."

"पुड्यावर काय लिवलं हाय?"

"लिहिणाऱ्याला काय कळते चायीतलं!"

तिने माझं ऐकलं. भांड्यातला हिरवा रंग आधी शेवाळासारखा झाला, मग वाळलेल्या मेंदीसारखा. वास वैरण शिजवल्यासारखा. तिने पहिला गिलास गाळून माझ्यापुढे धरला. "घ्या भाऊ."

मी ओठाला लावला. कडुनिंबाचा पाला चघळल्यासारखं तोंड झालं. रीतीप्रमाणे मी तेव्हाच गिलास ठेवून पुडा उचलायला हवा होता. पण पाहुणे बघत होते, बाई बघत होती, आणि एवढा मोठा पत्तीवाला मी. "जरा थंडी होऊ द्या," म्हणालो आणि गिलास दुधाच्या कॅनमागे सरकवला. मी माल परत उचलला नाही, म्हणजे पास झाला, असं तिने धरलं आणि पाहुण्यांना गिलास भरून दिले.

एकाने तिथेच थुंकलं. एका मुलीला मळमळलं. तिसऱ्याने मोबाइल वर धरला. "आंटी, कलर डाला है क्या इसमें?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. आणि मी त्या मोबाइलसमोर म्हणालो, "मी तर काळी पत्ती देतो. हे कुठून आणलं, मले माहीत नाई."

तिने भांडं उचललं आणि नालीत ओतलं.

तो व्हिडिओ गावभर फिरला. रंग, रंग म्हणत लोकांनी ठेला सोडला. काहींना तिच्याविषयी वाईट ऐकायला कारण लागतच नव्हतं, त्यांना आयतं मिळालं. दिवाळीच्या आत ठेला बंद झाला आणि ती एका खाणावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागली. माझं दुकान पुढे माझ्या मुलाने सांभाळलं, आमची पत्ती बाकी ठेल्यांवर जातच राहिली. नंतर एकदा कॉलेजरोडवर जाऊन मी माचा प्यालो. नीट घुसळलेला होता, वाईट नव्हता. त्या हिरव्या भुकटीचा यात काही दोष नाही.

यंदा रस्ता रुंद झाला. ठेल्यांची नवी रांग लावायची म्हणून ठेलेवाले स्टँडमागे बसले. जुना माणूस म्हणून मलाही बोलावलं. बाईही आली होती, जागा मागायला. पोहेवाला उठून म्हणाला, "हिले जागा देऊ नका जी. रंगवाली म्हणून सारी लाइन बदनाम होईन."

मी उभा राहिलो. आधी मनात होतं, की झालं गेलं विसरा, एवढंच म्हणावं. पण तेही खोटंच झालं असतं. "रंग नव्हता," मी म्हणालो. "पुडा माझा होता. उकळायला मी सांगितलं. आणि पहिला गिलास मी पेलो नाही, लपवला."

शेवटचं वाक्य ऐकून सगळ्यांच्या माना वळल्या. बाकीचं त्यांनी कदाचित सोडून दिलं असतं.

"अन् आमी अजून तुमच्याच दुकानाची पत्ती उकळून राह्यलो!" पोहेवाला म्हणाला. काही जण हसले. बाईला जागा मिळाली, रांगेतली शेवटची.

निघताना तिला गाठलं. "भेलो होतो बाई," म्हणालो.

"मले वाटलं, उद्या सांगसान. मंग वाटलं, परवा," ती म्हणाली. "मंग मी वाट पाहणंच सोडलं जी."

ठेला सुरू झाला त्या सकाळी मी गेलो. पत्ती वरोऱ्याच्या एका तरुण व्यापाऱ्याची होती. पहिला गिलास गाळला गेला तसा माझा हात सवयीने पुढे आला. गिलास त्या तरुणाने घेतला, उभ्याने संपवला, उपडा ठेवला.

"तुमी तिथी काऊन उभे, भाऊ?" बाई म्हणाली. "बसा बाकावर, गिऱ्हाइकासारखे."

मी बसलो. शेजारच्या कॉलेजच्या पोराने विचारलं, "मावशी, माचा नाही का?" बाकावरचे दोघे-तिघे माझ्याकडे पाहू लागले.

"कॉलेजरोडवर जा बापू, ते पोरगी चांगला करते म्हन्तात," बाई म्हणाली. "इथी उकळलेलीच हाय." पोरगा तरी बसून राहिला.

मग तिने माझ्या हातात गिलास दिला. चहा चांगला होता. माझ्या पत्तीपेक्षा चांगला होता, आणि तसं मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो.

"मालूम हाय," ती म्हणाली आणि पोराचा गिलास भरू लागली.