कंपाउंडरकाकांचा भरवसा

देवावर इतका गाढ विश्वास आणि देवाच्या कारभारावर इतका संशय, हे दोन्ही एकाच माणसात नांदताना मी आमच्या घरमालकांखेरीज कुठेही पाहिलेलं नाही. सत्तरच्या दशकात पालघरच्या एका शाळेत मला नोकरी लागली आणि मी त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. एका दवाखान्यात ते कंपाउंडर होते, म्हणून सारं गाव त्यांना कंपाउंडरकाका म्हणे. ते बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले ज्यू. बोलणं आपलंच, ताटात भात-मासळीच. फक्त शुक्रवारी सूर्य मावळताना काकू तेलाचा दिवा लावत आणि शनिवारची संध्याकाळ सरेपर्यंत घरातलं सगळं काम बंद. काम बंद म्हणजे काळजीही बंद, असं काकांच्या वडिलांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यामुळे शनिवारच्या वाट्याची काळजी काका शुक्रवारी दुपारीच उरकून घेत, आणि तरीही थोडी शिल्लक राहायचीच.

त्यांच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा होता, पवित्र वचनांची गुंडाळी जपणारी छोटी चपटी डबी. जाता-येता काका तिला बोटं लावून ती ओठांना टेकवत आणि लगेच कडी तीनदा ओढून बघत. मी एकदा हसले, तर गंभीरपणे म्हणाले, "देवावर भरवसा हाय, बाय. कडीवर नाय." दवाखान्यात गोळ्या मोजून पुडी बांधली की ती सोडून पुन्हा मोजत. सफाळ्याला बहिणीकडे जायचं, म्हणजे जेमतेम दोन स्टेशनं, तरी खिशात चिठ्ठी असे: नाव, पत्ता, आणि खाली 'बेशुद्ध आढळल्यास सोडा पाजू नये'. मला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर ते फाटकात उभे असत. दहा मिनिटं लवकर आले तर आणखीच घाबरत. "शाळा का सुटली? काय झालं?"

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा सातपाटीला मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. समुद्र, डिझेल आणि इंजिन या गोष्टी सुट्या सुट्यासुद्धा माणसाने टाळाव्यात, असं काकांचं मत. पोराने तिन्ही एकत्र केल्या होत्या.

एका वर्षी पाऊस सरता सरता त्यांचा दरफळणीचा सण आला. पूर्ण दिवसाचा कडक उपास, पांढरे कपडे, दार बंद, बाहेरच्या माणसाशी बोलणं नाही, आत बसून देवाकडे वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. ठाण्याचं प्रार्थनामंदिर लांब, म्हणून काका हा सण वाडवडिलांच्या रीतीने घरातच पाळत. उपास आदल्या सूर्यास्ताला सुरू होतो. त्या आदल्या दिवशी सकाळी मुलगा नवीन बसवलेल्या इंजिनाची चाचणी घ्यायला एका बोटीबरोबर समुद्रात गेला होता. "दुपारी जेवायला येतो," म्हणाला होता. दुपार टळली, वारा सुटला, बोट आली नाही.

काका एसटीने सातपाटीला धावले. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण मावशी त्यांना बंदरावर भेटली. तिचा नवरा त्याच बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान होता. ती म्हणाली, "घरी जावा, भाऊ. उद्याच्याला तुमचा सण. वयनी एकट्या हायेत. माजा पन घरधनी त्याच बोटीवर हाय ना? खबर आली का मीच सांगायला येतंय."

सूर्य टेकायच्या सुमारास काका परतले. माझ्याकडे एकदा पाहिलं. आत गेले आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलेच नाही. मधल्या भिंतीतून त्यांच्या प्रार्थनेचा आवाज येत होता. हिब्रू मला कळत नव्हती, पण त्या आवाजातला थरकाप कळायला भाषा लागत नव्हती. सकाळभर तो चढत गेला, मग घोगरा झाला आणि भर दुपारी एकदम थांबला. दार ठोठावावं तर सण, न ठोठावावं तर आत काय झालंय कोण जाणे.

तेवढ्यात मावशी धापा टाकत फाटकातून आत आली. "आली! बोट आली! इंजिन बंद परलेला, खाडीपलीकडच्या मुरब्याच्या लोकांनी वोढून आनली. समदे जिते हायेत!"

तिने पुन्हा हाक दिली. तेव्हा खिडकी बोटभर उघडली. काकूंचे डोळे वाहत होते, बोट ओठांवर होतं. रीत मोडून त्या कुजबुजल्या, "ऐकलं गं, बाय, ऐकलं. पन हळू. ह्यांचा डोळा लागलाय."

मी फटीतून पाहिलं. पांढऱ्या कपड्यांत, चटईवर, तोंड उघडं टाकून काका गाढ झोपले होते.

"उठवू?" काकूंनी विचारलं.

"नको," मावशी म्हणाली. "उठल्यावर पन पोरगा जिताच असंल." आणि पायरीवर बसून ती स्वतःच रडायला लागली.

संध्याकाळी उपास सुटला, दार उघडलं. मुलगा तेलकट कपड्यांनिशी आला. काकांनी त्याला जवळ घेतलं, चाचपून पाहिलं, रागावले मात्र नाहीत. पण दोन दिवस ते माझी नजर चुकवत होते. शेवटी आपणहूनच म्हणाले, "बापाला झोप लागते का गं अशा वक्ताला? देवाकडं मागून मागून दमलो, बाय. मागायला काय उरलाच नाय. मंग म्हटलं, आता तूच बघ. आणि पुढचा काय आठवतच नाय."

काका बदलले वगैरे नाहीत. गोळ्या दोनदाच मोजल्या जात होत्या आणि मुलगा बंदरावर गेला की संध्याकाळी ते फाटकात उभे असत. चार वर्षांनी माझी बदली झाली. निघताना मी मुद्दाम विचारलं, "काका, त्या दिवसासारखी झोप पुन्हा कधी लागली?"



"नाय गं," ते म्हणाले. "एकदाच लागली. पन लागते, येवडा कळला."