उंदरांचे झटके मोजणारी बाई

आता ते काम कॅमेरा करतो. तो दमत नाही, चहा मागत नाही, सरांशी हुज्जतही घालत नाही. पण एके काळी त्या प्रयोगशाळेचं पान मोजणीबाईंवाचून हलत नसे. निवृत्तीला बारा वर्षं झाली, तरी लाकडाच्या भुशाचा वास आला की बाईंचा जीव त्या उंदरांच्या पिंजऱ्यांच्या खोलीत जाऊन बसतो.

काम ऐकून लोक हसायचे. भास घडवणाऱ्या एका अळंबीतलं द्रव्य टोचलं की उंदीर मान झटकतो; ते झटके मोजायचे. हे द्रव्य मेंदूतल्या पेशींवरच्या एका ठरावीक कुलपात बसतं, असा प्रयोग करणाऱ्या सरांचा कयास. तो खरा असेल, तर कुलूप दुसऱ्या औषधाने आधीच बुजवल्यावर झटके थांबायला हवेत. मग पुढे कधीतरी मन खचलेल्या माणसांसाठी नवं औषध निघेल. कुठल्या उंदराला आधी ते औषध टोचलंय आणि कुठल्याला नुसतं साधं पाणी, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, म्हणून बाटल्यांवर नुसते आकडे.

घरी बाईंचा नवरा चार वर्षं भिंतीकडे तोंड करून पडलेला. सगळ्या गोळ्या करून झालेल्या. सरांचं खरं ठरावं म्हणून बाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

आणि एक बाटली हलवली की फेस धरायची. औषध विरघळायला साबणासारखं काहीतरी घातलेलं, ते साध्या पाण्याच्या बाटलीत घालायला सगळेच विसरले; त्यामुळे औषध कुठलं ते बाईंना कळायचं. फेसवाल्या उंदराने अर्धवट मान हलवली, तर बाईंचं पेन उचललंच जात नसे. सहा महिने त्यांना हे कळत होतं, पण वळत नव्हतं. शेवटी एका सकाळी त्यांनी वही सरांपुढे ठेवली.

"सर, हे सगळं फेकून द्या. मला कळत होतं."

सर लालबुंद झाले. मग खाली बसले आणि म्हणाले, "परत मोजाल?"

घरी येऊन बाईंनी भिंतीकडे तोंड केलेल्या नवऱ्याला सगळं सांगितलं. "अहो, तुमच्यासाठीच मी डोळेझाक केली," म्हणताना त्यांना रडू फुटलं. तो कूस बदलून त्यांच्याकडे वळला.

"आता खरं मोज. मला रोज येऊन सांग."

दुसऱ्या मोजणीत झटके कमी झाले, पण सरांना वाटलं होतं तितके नाहीत. औषध काही नवऱ्याच्या हयातीत आलं नाही. मात्र त्या दिवसापासून पुढची सात वर्षं बाई कामावरून परतायच्या, तेव्हा तो उठून दाराशी येऊन उभा असायचा. म्हणायचा, "आज किती?"