मामा राहायला कुठे?

मामांच्या टोप्या खपेनाशा झाल्या तेव्हा मी कॉलेजात होतो आणि बोडक्या डोक्याने हिंडत होतो. आमच्या कॉलेजात टोपी घालायचे ते शिपाई आणि संस्कृतचे एक म्हातारे प्राध्यापक. बदलापूरला घरात शिरताना मात्र मी पिशवीतली टोपी काढून डोक्यावर ठेवत असे. मामांना हे माहीत होते की नाही, मला अजून कळलेले नाही.

आमच्यात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढे कोणी गेले नव्हते. वडील अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला. चाळीतल्या एका खोलीत आम्ही सगळे, म्हणून अभ्यासासाठी मला मामांकडे ठेवले होते. मामा-मामींना मूल नव्हते. माझी फी मामाच भरत, आणि ती मुंबईतल्या त्यांच्या काळ्या टोप्यांच्या दुकानातून येई.

उरलेला माल त्यांनी एकदा उल्हासनगरला एक नंबर कॅम्पात नेऊन पाहिला. बराकीच्या कोपऱ्यावर चादर पसरून आम्ही बसलो. शेजारचा सिंधी कापडवाला थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "काका, ये टोपी अब कौन पहनेगा? लड़का लोग तेल लगाता है बाल दिखाने को." मामा हसले. त्या माणसाने स्वतःसाठी एक टोपी विकत घेतली, घातली, आणि आम्ही उठेपर्यंत काढली नाही. बाकीचा माल तसाच परत आला.

होळीनंतर दुकानाला कुलूप लागले. मुंबईच्या ज्या शेटकडून मामा कापड घेत, त्याने थकलेल्या पैशांसाठी कोर्टातून हुकूमनामा मिळवला होता, आणि आता तो मामांना पकडून दिवाणी तुरुंगात घालायच्या गोष्टी करत होता. आम्ही कल्याणच्या एका वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "नादारीचा अर्ज करा, म्हणजे दिवाळं निघाल्याचा. कोर्टानं घेतला तर पकडण्यापासून संरक्षण मागता येईल. प्रश्न एवढाच, कुठल्या कोर्टात?"

मुंबई शहराचा कायदा वेगळा, तिथले अर्ज हायकोर्टात. शहराबाहेरचे जिल्हा कोर्टात, म्हणजे आमचे ठाण्याला. माणूस जिथे राहतो किंवा धंदा करतो, तिथले कोर्ट. मामांचा धंदा मुंबईत आणि घर बदलापूरला.

"ठाणं," मामा लगेच म्हणाले. "हायकोर्टात अख्खा बाजार बघायला येईल. त्या लोकांच्या मांडीला मांडी लावून उभी हयात गेली माझी. त्यांच्यासमोर उभं राहून 'मी बुडालो' म्हणायचं? नाही जमायचं."

"मग तुमचा इकडचा काही धंदा?"

"कॅम्पात टोप्या विकायला बसलो होतो."

"त्याला धंदा म्हणत नाहीत. म्हणजे तुम्ही बदलापूरला राहता, हेच दाखवावं लागेल. साक्षीला कोण?"

मामींना कोर्टात उभे करायला मामा तयार नव्हते. "भाचा कॉलेजात शिकतो," ते म्हणाले. "तो बोलेल नीट." हे म्हणताना त्यांचा आवाज बदलला, तो मला आजही ऐकू येतो. वकिलांनी मला जवळ घेऊन समजावले, "विचारतील तेवढंच सांग. कॉलेजात निबंध लिहितोस तसं बोलू नकोस."

ठाण्याला सुनावणीच्या दिवशी मामीही आल्याच. म्हणाल्या, उभी राहत नाही, पण बसते. मागच्या बाकावर बसल्या. माझी शपथ झाली. मामा बदलापूरला राहतात, हे मी सांगितले. मग शेटचे वकील उठले. ते ओरडतील अशी माझी तयारी होती, पण त्यांचा आवाज एखाद्या आजारी माणसाची चौकशी करावी तसा होता.

"दुकान चालू होतं तेव्हा मामा रात्री झोपत कुठे?"

"दुकानात. माळ्यावर."

"जेवण?"

"खानावळीत."

"आणि बदलापूरला कधी?"

"शनिवारी रात्री येत. सोमवारी पहाटे जात."

"कुलूप लागल्यावर घरी आले, आणि लगेच हा अर्ज. बरोबर?"

"हो."

आमचे वकील खाली मान घालून कागद चाळत होते. मला वाटले, नुसते शनिवार-सोमवार सांगून कोर्टाला ते घर कळणारच नाही. ते घर मामांचेच आहे हे कळायला काहीतरी आतले सांगायला हवे. आणि तेवढ्यात शेटच्या वकिलांनी अगदी सहज विचारले, "शनिवारी मामा दारात आले म्हणजे घरात काय होतं?"

मी सांगितले. मामी मला हाक मारतात, "पाण्याचा तांब्या आण रे, आपले पाहुणे आले." मामा विचारतात, "किती दिवस ठेवून घेणार?" आणि मग दोघे हसतात. दर शनिवारी.

कोर्टात हशा पिकला. कारकूनसुद्धा हसला.

"पाहुणे," शेटचे वकील म्हणाले. "मला आणखी काही विचारायचं नाही, साहेब."

"ते गमतीनं म्हणतात," मी म्हणालो.

"विचारल्याशिवाय बोलू नका," न्यायाधीश म्हणाले.

मी मागे पाहिले. मामींनी पदर तोंडाशी धरला होता. त्या हसत नव्हत्या.

कोर्टाने अर्ज परत केला. मामांचे नेहमीचे राहणे आणि धंदा दोन्ही मुंबईत, तेव्हा तिथल्या योग्य कोर्टात जावे. बाहेर व्हरांड्यात शेटचा मुनीम आम्हाला ऐकू जाईल असे म्हणाला, "टोपीवाला कोर्टालाच टोपी घालायला निघाला होता!" आमच्या वकिलांनी माझ्याकडे पाहिले. "निबंधच लिहिलास शेवटी."

"अहो, पोराला विचारलं, त्यानं सांगितलं," मामा म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

मामी माझ्या शेजारून चालत होत्या. स्टेशन दिसू लागल्यावर म्हणाल्या, "खोटं बोल असं मी कधी म्हटलं नसतं तुला. पण ते आमच्या दोघांचं होतं रे."

मला रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

मुंबईचा अर्ज तयार होईपर्यंत मामांना कसलेच संरक्षण नव्हते. ते मागच्या पडवीत बसून राहत. मी कॉलेज बुडवून ओटीवर पुस्तक घेऊन बसे आणि रस्त्यावर लक्ष ठेवी. अनोळखी चपलांचा आवाज आला की मामी आधी दाराशी जात. लग्न झाल्यापासून मामा इतके दिवस सलग घरी पहिल्यांदाच राहत होते. रोज तिघे एकत्र जेवायला बसायचो. शनिवार आला, गेला, तांब्याची हाक आली नाही.

हायकोर्टात मी मामांबरोबर गेलो. बाजारातली माणसे आली होती. सगळी नव्हेत, पण ज्यांना मामा टाळत होते ती होती. एक जण म्हणाला, "काय राव, पंक्तीतून उठलात?" मामांनी नुसते हात जोडले.

आत मामांना आधी दुकान कुठे ते विचारले. मामांनी गल्ली सांगितली. मग विचारले, "राहणार?"

मामांनी माझ्याकडे पाहिले, जणू ते आता मला विचारून सांगायचे होते. मग म्हणाले, "राहायला बदलापूर."

तसे लिहून घेतले. कोणी हरकत घेतली नाही. धंदा शहरात होता, इथे तेवढे पुरे होते. माणूस झोपतो कुठे, हे इथे कोणी विचारलेही नाही. ठाण्याला हरलो तर मुंबईच्या कोर्टात मामांना आपले घर नाकारावे लागेल असे मी इतके दिवस धरून चाललो होतो. त्या भीतीने साक्ष देताना मी इतका उतावीळ झालो होतो, आणि ती भीतीही चुकीची होती.

संरक्षण मिळाले. मामा वकिलांबरोबर मागे राहिले, मी पुढे घरी आलो. मामी वाल सोलत बसल्या होत्या. मी त्यांना सांगितले, शेटला आता मामांना पकडता येणार नाही. मामांनी राहायला बदलापूर सांगितले आणि कोर्टाने ते लिहून घेतले, हेही सांगितले.

"बरं झालं," मामी म्हणाल्या. वाल सोलणे थांबले नाही. मग वर न बघता त्यांनी विचारले, "बाजारातले लोक आले होते का रे बघायला?"

मी हो म्हणालो. घरात मला कोणी शपथ घातली नव्हती; नाही म्हणता आले असते.