सावलीत वाळवायचा पाला

मावशींनी बीकरला बाहेरून चुंबक लावलं. काळी भुकटी जागची हलेना.

लॅबमध्ये काचेची भांडी घासायला लागून त्यांना अकरा वर्षं झाली होती. गेली दोन वर्षं निलगिरीचा पाला, कोवळा टाळून जूनच, खुडून आणायचा, चार दिवस सावलीत वाळवायचा आणि उकळून गाळायचा, हेही त्यांच्याच गळ्यात. त्या पाण्यात संशोधन करणाऱ्या तरुण मॅडम लोखंडाचा क्षार मिसळायच्या, की सगळं काळंकुट्ट. त्यातून निघालेली भुकटी कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात टाकली, की ती रंग धरून बसायची. मग बाहेरून चुंबक लावलं, की रंगासकट काचेला येऊन चिकटायची. मागे उरायचं नितळ पाणी. "आमच्या मावशींचा काढा," असं मॅडम कौतुकानं सांगायच्या.

आज काढ्यानं दगा दिला होता. आणि अर्ध्या तासात तपासनीस येणार होते, काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते ठरवायला.

"माझंच काहीतरी मुळात चुकलंय," मॅडम खुर्चीत बसत म्हणाल्या. "सांगून टाकते त्यांना, जमत नाही म्हणून."

चूक कुणाची, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. लेकीचं बाळंतपण अडलं, तीन दिवस दवाखान्यात गेले. परतल्या तेव्हा वेळ उरला नव्हता. मग पाला सरळ भांडी वाळवायच्या ओव्हनमध्ये कोंबला, दुपारभरात कडकडीत. याच महिन्यात त्यांना नोकरीत कायम करायचं चाललं होतं. तोंड उघडावं तर ते गेलं. न उघडावं तर लेकीच्या वयाची ही मॅडम दोन वर्षांच्या कामावर पाणी सोडणार.

"मॅडम, पाला... ओव्हनमध्ये वाळवला मी."

"काय? किती तापमानाला?"

"काटा शंभराच्या पुढं होता."

"पाल्यातला गुणच जळाला असणार. आणि हे आत्ता सांगताय?"

"जीभच रेटेना, बाई."

मॅडमनी चुंबक टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "आता त्यांनाही तुम्हीच सांगा. माझ्यात ताकद नाही."

तपासनीस म्हातारे होते, चष्मा कपाळावर चढवलेला. मावशींनी पदराला हात पुसत पुसत सगळं सांगितलं.

"सावलीत चारच दिवस लागतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब. रोज हलवावा मात्र लागतो."

"मग नवा काढा झाला, की पुढच्या आठवड्यात येतो. तेव्हाही भुकटी हलली नाही, तर फाइल बंद."

ते गेल्यावर मावशी दारातच घुटमळल्या. "मॅडम, माझ्या कायम होण्याचं काय?"

"ते आता मला विचारू नका. भुकटीला विचारा."

मावशी टोपली घेऊन झाडाकडे निघाल्या. पहिलंच पान खुडलं, उजेडात धरलं, आणि हे कोवळं की जून, तेच आज त्यांना ठरवता येईना.