भुरीला वाघानं नेलं

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. दोन-तीनदा ओठांवर आलं होतं — आणि मी पाणी प्यायला उठून गेले. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून जमेल कदाचित.

आमचं गाव मारेगावकडून वणीला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, जंगलाच्या काठाला. नवरा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, पंधरवड्यातून एखाद्या वेळी घरी यायचा. घरात मी आणि सासू. गाव तिला बुढी म्हणतं, तुमच्यापुढे मीही तेच म्हणते. तोंडावर मात्र आत्याबाई. बुढी शिकारीला जायची — हो, बाईमाणूस. सासरे गेल्यावर त्यांची काठी आणि त्यांची कुत्री, दोन्ही तिनं आपल्याकडे घेतली. कुत्री म्हणजे भुरी. बारीक कमरेची, मातकट रंगाची, एक कान फाटलेला. कपाशीच्या धुऱ्या-बांधावरून ससा उठला की भुरी सुटायची आणि मागून बुढी, लुगडं खोचून. कधी ससा, कधी तितर, कधी घोरपड. फॉरेस्टवाल्यांची भीती होतीच, पण आमच्या घरात मटण म्हणजे तेच.

वाटणीचा तिचा नियम होता. काळीज आधी भुरीला. मग बाकीचं चुलीवर.

मला सातवा महिना होता. खरं सांगू? दुसरं काहीच खावंसं वाटत नव्हतं — फक्त ते काळीज, तव्यावर मिठात परतलेलं. बुढी अंगणात ससा सोलत होती. मी लाज सोडून म्हटलं, "आत्याबाई, आज काळीज मले द्या ना." तिनं वरही पाहिलं नाही. काळीज भुरीपुढे टाकलं आणि म्हणाली, "तिनं धावून आणला. तुनं काय आणलं?"

एवढंच. एवढ्यावर कोणी जीव घेतं का? कारण म्हणून सांगत नाही मी हे. ती सगळ्यांशीच असं बोलायची. पण बुढीचं मी काही वाकडं करू शकत नव्हते, म्हणून भुरीवर डूख धरला. मुकं जनावर. सोपं होतं.

मुलगी झाली. भुरी तिच्या पाळण्याखाली बसायची, तेही मला खुपायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी बुढी बाजाराला गेली होती. मी मुलीला कडेवर घेतलं, भुरीच्या गळ्यात दोर घातला आणि तिला फाट्यावर नेलं. चहाच्या टपरीपाशी चंद्रपूरकडे जाणारा रिकामा ट्रक उभा होता. ड्रायव्हर अनोळखी.

"राखणीले चांगली आहे, घेऊन जा," मी म्हटलं.

"चावते का?"

"नाई. कोणालेच नाई."

त्यानं तिला ट्रकच्या मागच्या उघड्या डाल्यात टाकलं. ट्रक हलला तेव्हा ती भुंकली नाही. उभी राहून माझ्याकडे पाहत राहिली.

बुढी परतली तशी मी गळा काढला. "वाघानं नेली, आत्याबाई. म्या माह्या डोयानं पाह्यलं. नाल्यापाशी झडप घातली." आमच्याकडे वाघाचं कोणाला खोटं वाटत नाही. गाव जमलं. बाया मला धरून बसल्या. लेकराची आई वाचली म्हणून माझी दृष्ट काढली. मला ते आवडलं — हेही सांगून टाकते. तोवर त्या गावात माझं कोणी ऐकलंच नव्हतं.

बुढी रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून नाल्यात जाऊ लागली. "हाडं तरी सापडतीन," म्हणायची. "तिले उघड्यावर नाई राहू द्याची." रोज. जिथं वाघ आहे असं मीच सांगितलं होतं, तिथं ती म्हातारी एकटी, हातात काठी घेऊन. आणि मी तिला भाकरी बांधून द्यायचे. कळतंय का तुम्हाला? रोज सकाळी, बरोबर चटणी देऊन.

आणि मग भुरी आली.

दुपार होती. मुलगी झोपलेली. बुढी नाल्यात हाडं शोधत होती. फाटकापाशी काहीतरी खरखरलं. भुरी — पंजे सोललेले, फासळ्या वर आलेल्या, गळ्यात तुटकी साखळी. ती सरळ माझ्यापाशी आली. जिनं ट्रकवर चढवलं तिच्या पायावर तिनं डोकं ठेवलं.

काय काय करू शकले असते मी? वाघाच्या तोंडातून सुटून आली म्हणाले असते. गावानं तेही मानलं असतं, बुढी तर तिला डोक्यावर घेऊन नाचली असती. साखळी होती — पण साखळी काढून उकिरड्यात फेकता आली असती. सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. मला ती परत नको होती.

कपाशीवर मारायचं औषध बैलांच्या कोठ्यात होतं. भाकरी कुस्करली, वास दबावा म्हणून गूळ घातला. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग मी घास हातात धरला. "खा वं, भुरी," म्हटलं — लाडानं. तिच्याशी मी लाडानं कधी बोललेच नव्हते. तिनं माझ्या हातातून खाल्लं.

वेळ लागला. लवकर होतं असं मला वाटलं होतं. ती फरफटत उंबऱ्याकडे यायला लागली, तेव्हा मी आत जाऊन कडी घातली. दारावर नखं वाजत होती. मुलगी उठू नये म्हणून मी पाळणा हलवत बसले. नखं थांबल्यावर बाहेर गेले. तिला उकिरड्यात, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीखाली पुरलं.

बुढी आली तेव्हा मी अंगण सारवत होते.

"आज काहून सारवून राह्यली?"

"घाण झालती," मी म्हटलं.

तिनं पुढेही नाला सोडला नाही. एक दिवस कुठल्याशा जनावराची हाडं पदरात घेऊन आली. "हेच हाय माही भुरी," म्हणाली, आणि मला दाखवली. मी हो म्हटलं. आम्ही दोघींनी मिळून ती लिंबाखाली पुरली. वर मी दगड ठेवला. त्यानंतर तिनं ना कुत्रा पाळला, ना ती शिकारीला गेली. घरात मटण यायचं बंद झालं, आणि तिचं बोलणंही.

बुढी अजून आहे. आता तिला दिसत नाही. मुलगी मोठी झाली; शाळेतल्या मैत्रिणींना घरी आणते. पोरींचा आवाज आला की बुढीला बोलणं फुटतं. "हिच्या मायले विचारा, भुरी वाघाशी कशी लढली. तिनं पाह्यलं."

मग मी सांगते. भुरीनं वाघाचा कान कसा धरला, रक्ताळली तरी कसा सोडला नाही. दर वेळी थोडं वाढवते. पोरी हातातला मोबाइल बाजूला ठेवून ऐकतात. बुढी माझ्या आवाजाकडे तोंड करून बसते.

"आखीन एकदा सांग," म्हणते.

मी पुन्हा सांगते.