दाराच्या खाचेतल्या अक्षता

झेंडूचा वास आला की माझं डोकं अजूनही फिरतं. आदिलाबादच्या आमच्या घरी दसऱ्याला मिक्सरपासून स्कूटरपर्यंत सगळ्या यंत्रांची पूजा होते. त्या वर्षी नव्या मायक्रोवेव्हचीही झाली. नवऱ्यानेच दार उघडून ओलं हळदीकुंकू लावलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. संध्याकाळी तलमडुगूचे पाहुणे सोनं द्यायला आले. मी चहा गरम करायला ठेवला, तर दार लावूनही आतला दिवा तसाच जळत राहिला आणि ताटली काही फिरेना. नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, "रोज भाकरी गरम करू करू हिनंच वाट लावली याची. समजत नाही तं हात काऊन लावते?" पाहुणे हसले. माझ्या अंगाची लाही झाली, पण मी आधी प्लग काढला आणि दार तपासलं. दाराचा हुक ज्या खाचेत बसतो, तिथे कुंकवाने माखलेले तांदूळ चिकटले होते, म्हणून दार पुरतं लागतच नव्हतं. मी ते काडीने कोरून काढले, प्लग लावला, आणि मशीन सुरू झालं. ते लाल दाणे मी तळहातावर घेऊन सगळ्यांदेखत त्याच्यापुढे धरले. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "झालं ना चालू? मंग चहा आण, लोकं बसून राह्यले." आता दर दसऱ्याला तो अक्षता हातात घेतो, तेव्हा मी मायक्रोवेव्हचं दार तळहाताने दाबून उभी राहते. काऊन, हे त्याने अजून एकदाही विचारलेलं नाही.