सुट्टीचा वार

आम्रपालीच्या घरी रविवार हा कामाचाच वार. वडील किसन, म्हणजे तिचे आप्पा, एकतीस वर्षं भोसरीच्या एका कंपनीत होते, आणि ती स्वतः आता महाळुंग्याच्या कंपनीत क्वालिटीला. या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, कारण कारखान्यांची वीजही गुरुवारीच बंद. त्यामुळे मटण गुरुवारी, पाहुणे गुरुवारी, पंखे पुसायचे तेही गुरुवारी. जगात काही माणसं रविवारी घरी बसतात हे त्यांनी ऐकलं होतं, पण अशा माणसांशी कधी फारसा संबंध आला नव्हता.

तो आला, आणि भलत्याच दिवशी आला.

कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत, गेटवरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत आम्रपाली डबा अर्धा टाकून गेटवर आली, तर मैत्रीचा मेसेज. ताथवड्याच्या कॉलेजात नोकरदारांसाठी डिग्रीचे संध्याकाळचे वर्ग चालतात, मैत्री ही तिथे प्रवेश घेताना भेटलेली तिची सोबतीण. लिहिलं होतं, ‘रविवारी लॅबला बरोबर जाऊ. सव्वाआठला रावेतच्या स्टॉपवर थांबते.’

आम्रपालीने लगेच फोन लावला. ‘‘रविवारी कसली लॅब?’’

‘‘फॉर्मवर होतं की गं. प्रात्यक्षिकं साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी.’’

‘‘सुट्टी गुरुवारी असते ना!’’

‘‘कुणाची?’’ मैत्री बँकेत होती. तिला खरंच कळलं नाही.

फॉर्म भरताना आप्पा शेजारीच बसले होते. चष्मा पुसत ठामपणे म्हणाले होते, ‘‘सुट्टीचा वार म्हणजे आपला गुरुवारच की. घाल दोन्ही विषय.’’ आणि तिने घातले. नेहमीचे विषय चार, वर आणखी दोन घ्यायची मुभा, आणि हे वरचे दोन्ही प्रात्यक्षिकांचे.

ही हाव नव्हती. कंपनीत इंजिनिअरच्या जागेसाठी आतल्या माणसांची परीक्षा होते, तिला दोन अटी. डिग्री हवी आणि वय अठ्ठावीसच्या आत हवं. आम्रपालीला पंचविसावं सरून चार महिने झाले होते. चार-चार विषयांनी डिग्रीला तीन वर्षं, म्हणजे अठ्ठावीस उलटलंच. सहा-सहा विषय उचलले तर शेवटचं प्रोजेक्टचं सत्र धरूनही अडीच वर्षं, म्हणजे दोन महिने हाताशी राहत होते. त्या दोन महिन्यांवर आप्पांनी विहारात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, ‘‘आमची आम्रपाली इंजिनिअर होणार.’’ सांगायची घाई आप्पांना फार.

आता रविवारी ती कंपनीत असणार आणि लॅब ताथवड्यात. एका विषयाची हजेरी कमी पडली तरी कॉलेज सत्राच्या परीक्षेलाच बसू देत नाही. विषय बदलायची मुदत आज पाचपर्यंत होती. दोन विषय काढले तर जागा गेली, ठेवले तर सत्र गेलं. इकडे आड, तिकडे विहीर.

ती तडक मालोजीभाऊंकडे गेली. हे लाइनचे सुपरवायझर. कंपनी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्या भावकीची होती, त्यामुळे मोठे साहेबसुद्धा त्यांच्याशी दबून बोलत. त्यांनी सगळं ऐकलं, मिशीवरून हात फिरवला.

‘‘मग त्यात काय? रयवारी सुट्टी घे, बेस्तरवारी टूलरूमला ये. लाइन बंद असती, पन मापाची गेजं तपासायला मानूस लागतंच. मी लावतो तुझं नाव.’’

‘‘खरंच, भाऊ?’’

‘‘व्हय. पन चारच्या आत सांग. चारला सुट्ट्यांची यादी आफिसात जाती, मंग माझ्या हातात काय ऱ्हात न्हाई.’’

आम्रपालीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. सगळंच जमत होतं! सहा विषय, डिग्री, जागा, आप्पांचा शब्द. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

ती टेबलाशी उभी राहिली. गाडीच्या सीटखाली बसणारे ब्रॅकेट प्रेसवरून दोनशे-दोनशेच्या पेट्यांत, म्हणजे बिनमध्ये, येत होते. चांगल्या बिनला हिरवा स्टिकर, वाईटाला लाल. हात चालू होते, डोकं वेळापत्रक मांडत होतं. सोमवार ते शनिवार साडेआठ ते पाच कंपनी, गुरुवारीसुद्धा. पाचची बस, पावणेसातला वर्ग, नऊला सुटका, निगडीला घरी पोहोचायला दहा. रविवारी सकाळी नऊ ते एक एक लॅब, दोन ते सहा दुसरी. मग अभ्यास कधी? बसमध्ये. बसमध्ये उभंच राहावं लागतं. मग उभ्याने. कपडे कधी धुवायचे? आईला सांगू. आईचे गुडघे दुखतात. मग...

‘‘ए पोरी!’’

मालोजीभाऊ समोर होते, हाताने बिन अडवून. बिनवर हिरवा स्टिकर होता. तिनेच लावलेला.

‘‘हे तपासलंस?’’

तिने बिनकडे पाहिलं. तपासलं होतं का? आठवेना. खरं सांगायचं तर तिने त्या बिनला हातच लावला नव्हता. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

‘‘नाही,’’ ती म्हणाली.

बिन तिच्या पुढ्यात ढकलून ते पुढे गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. तिने स्टिकर खरवडून काढला आणि दोनशे नग एकेक करून उजेडात धरले. वळणावर केसाएवढी चीर असलेले अकरा निघाले. अकरा सीट. त्यावर कोण बसलं असतं, कोणाचं लेकरू, हा विचार तिला आवरेना. आणि अजून तर एकही वर्ग भरला नव्हता, एकही पुस्तक उघडलं नव्हतं. नुसत्या मनातल्या वेळापत्रकाने हे केलं होतं. खरं वेळापत्रक सुरू झाल्यावर काय होईल?

चारला दहा कमी होते. ती मालोजीभाऊंकडे गेली.

‘‘भाऊ, माझं नाव नका लावू. गुरुवारचीच सुट्टी राहू द्या.’’

‘‘आन् ती जागा?’’

‘‘नाही जमणार.’’

त्यांनी गेटपासवर सही करून कागद तिच्या हातात दिला. ‘‘जा. सावकाश कर. घाईत भलताच इषय उडवशील.’’

गेटवर तिने मोबाईल घेतला, फॉर्म उघडला. वरचे दोन विषय खोडताना बोट थांबलं, कारण त्यातला एक मोजमापशास्त्राचा होता, तिच्या रोजच्या कामाचा, तिच्या सगळ्यात आवडीचा. तरी खोडला. खात्रीसाठी कॉलेजने मोबाईलवर पाठवलेला आकडा भरला. ‘विषय: चार’. झालं. सुटल्यासारखं वाटेल अशी तिची समजूत होती, पण नुसतं रडू आलं. वॉचमन भला माणूस, तो रस्त्यावरचे कंटेनर मोजू लागला.

मग तिने आप्पांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. रविवार, लॅब, अकरा नग, चार विषय. ‘‘तीन वर्षं लागतील, आप्पा. कंपनीतल्या त्या परीक्षेला मला बसता येणार नाही आता.’’

आप्पा म्हणजे शब्दाला जागणारा माणूस. काय बोलेल, सांगता येत नव्हतं.

‘‘गुरुवार मीच म्हणालो होतो ना गं?’’ आप्पांनी विचारलं.

‘‘मलाही तसंच वाटलं होतं.’’

‘‘एकतीस वर्षं त्यांनी दिला तोच वार सुट्टीचा. दुसरा असतो हे डोक्यातच आलं नाही बघ. विहारात मी बोलून बसलोय, ते मी निस्तरतो. तीन लागोत नाहीतर चार लागोत. तू अर्ध्यात सोडू नकोस, एवढंच.’’

‘‘नाही सोडत.’’

‘‘मी सोडलं होतं,’’ आप्पा म्हणाले. हे त्यांनी याआधी कधीच सांगितलं नव्हतं. ‘‘रात्रशाळेत. सगळे विषय एकदम घेतले होते.’’